‘स्वामी’ पडद्यावर घाईत का वाटते?

प्रश्न : रणजित देसाईंची ‘स्वामी’ माझी अत्यंत आवडती कादंबरी. दूरदर्शनवरची तिची जुनी मालिका नुकतीच सलग पाहिली. प्रसंग भराभर उरकल्यासारखे वाटले, मन खट्टू झालं. माझी अपेक्षाच चुकली का?
– एक वाचक, दाभोळ

उत्तर : अपेक्षा मुळीच चुकली नाही. कादंबरीचे नायक माधवराव 1761 मध्ये पेशवे झाले आणि 1772 मध्ये थेऊरला वारले. अकरा वर्षांचा हा काळ साप्ताहिक भागांत बसवताना लढाया आणि दरबार टिकतात. माधवराव आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांच्यामधली शांतता आधी कापली जाते. भीष्म साहनींच्या ‘तमस’वर गोविंद निहलानींनी केलेली मालिका आठवा. तिथे कथाच थोड्या दिवसांची, म्हणून दृश्यांना श्वास घेता येतो. तुमची दाभोळची फेरीबोट खाडीपलीकडे धोपाव्याला लागेपर्यंत पलीकडचा किनारा हळूहळू ओळखीचा होतो. पात्रांनाही तसाच अवधी लागतो. पूर्वी दोन भागांमध्ये आठवडा जाई आणि प्रेक्षक मधल्या जागा मनात भरत. सलग पाहताना ती सोय उरत नाही. म्हणून रोज एकच भाग पाहा. माधवराव-रमाबाई साकारणाऱ्या रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांचे चेहरे संवादांपलीकडचं बरंच सांगतात, ते तेव्हा दिसेल.