पाचट कुजवायला किती शास्त्रं लागतात?

प्रश्न : ऊस तुटला की आमच्याकडे अजूनही कुठे ना कुठे पाचट पेटतं. शाश्वत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात विद्यापीठं अनेक शाखा एकत्र आणतात. पाचटासारखा प्रश्न एकटा कृषितज्ज्ञ सोडवू शकत नाही का?
– एक विद्यार्थिनी, वडगाव निंबाळकर

उत्तर : नाही, कारण हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर नव्या शास्त्राच्या दारात जातो.

हेक्टरी साधारण 8 ते 10 टन वाळलेलं पाचट निघतं. ते पेटवलं की त्यातला सेंद्रिय कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे जातं. म्हणून मृदाशास्त्रज्ञ सांगतो, ते सरीत पसरा. ओल टिकेल, तण दबेल. पण पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र थोडं. ते कुजवणारे सूक्ष्मजीव सुरुवातीला जमिनीतलं नत्र उचलतात आणि खोडवा पिवळा पडू शकतो. इथे सूक्ष्मजीवशास्त्र लागतं. त्यातूनच टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकण्याची शिफारस आली.

मग यंत्राची अडचण. पाचटाच्या थरात बुडखे छाटायचे, बगला फोडायच्या कशा? खत वरून फेकलं तर युरियातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. तुमच्याच तालुक्यात, माळेगाव खुर्दला, 2009 मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था सुरू झाली. तिथे यासाठी ‘सॉर्फ’ हे ट्रॅक्टरचलित यंत्र तयार झालं. बुडखे छाटणं, बगला फोडणं, जुनी मुळं तोडणं आणि खत मातीत पेरणं ही कामं ते एकाच फेरीत करतं. सांगाडा अभियंत्याचा, पण मुळं कुठे कापायची, खत किती खोल पेरायचं हे पीक आणि माती जाणणारा ठरवतो. दोन एकरवाल्याला ते विकत परवडेल की भाड्याने, हा हिशेब अर्थशास्त्राचा. माती, पाणी आणि हवामान यांच्या जोडीला धोरण अभ्यासाचा विभागही या संस्थेत आहे, तो अशाच प्रश्नांसाठी हवा.

दुसरी वाट कोळशाची. डॉ. आनंद कर्वे हे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या ‘आरती’ संस्थेने पाचटाचा कोळसा करून चुलीसाठी कांड्या बनवल्या. त्याला 2002 मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेतातला प्रश्न असा स्वयंपाकघरापर्यंत गेला.

शिक्षणालाही हेच लागू आहे. मुंबईच्या आयआयटीत 1985 पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचं ‘सितारा’ केंद्र आहे. तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना काही आठवडे गावात राहून काम करावं लागतं. हा मुक्काम मला पाठ्यपुस्तकाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण वेगवेगळ्या शाखांची मुलं एकाच सरीत उभी राहिली की एकमेकांचे प्रश्न समजून घेतात.

तुम्ही प्रवेश घ्याल तेव्हा शाखा आवडीची निवडा. मात्र कॉलेजला एक गोष्ट जरूर विचारा: विद्यार्थी शेतात किती काळ काम करतात, आणि त्यांचं काम तपासताना शेतकऱ्याचं मत घेतलं जातं का?