झाडीपट्टीचे ध्वनी संगणकावर : नवोदिताने आज्ञावली कशी निवडावी?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील धान पिकविणारा, वनांनी वेढलेला प्रदेश झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. दिवाळीपासून होळीपर्यंत येथे गावोगावी रात्रभर नाट्यप्रयोग रंगतात. दंडार, खडी गंमत यांसारख्या लोककलांचा वारसाही या प्रदेशास लाभला आहे. झाडीपट्टी रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि या परंपरेकडे देशाचे लक्ष वेधले गेले.

चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा तालुका याच पट्ट्यात मोडतो. अशा तालुक्यातील एखाद्या युवकास संगणकावर संगीतरचना करावयाची झाल्यास पहिला प्रश्न पडतो तो योग्य आज्ञावलीचा, म्हणजेच सॉफ्टवेअरचा. तयार परदेशी तालांचे संच सहज मिळतात. गावच्या ढोलाचा ठेका मात्र कोणत्याही संचात मिळत नाही. तो स्वतःच ध्वनिमुद्रित करावा लागतो. आज्ञावलीची निवड करताना हीच बाब प्रथम ध्यानात घेणे इष्ट होय.

ध्वनिनमुना म्हणजे काय?

ध्वनिमुद्रणातील एक लहानसा तुकडा कापून घेणे, त्याची पट्टी वा गती बदलणे, त्याची आवर्तने करणे आणि अशा तुकड्यांतून नवी रचना उभी करणे, या प्रक्रियेस सॅम्पलिंग म्हणतात. पॅरिस येथे १९४८ मध्ये पियेर शेफर यांनी रेल्वेगाडीच्या आवाजांतून संगीतरचना सिद्ध केली. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात फेअरलाइट हे संगणकीय वाद्य तयार झाले. परंतु त्याची किंमत सामान्य कलावंताच्या आवाक्याबाहेर होती. तेच कार्य आज साधा घरगुती संगणक करू शकतो.

निवडीच्या कसोट्या

आज्ञावली निवडताना चार गोष्टी तपासाव्यात : तीत ध्वनिमुद्रण व कापणी करता येते काय, उपलब्ध संगणकावर ती सुरळीत चालते काय, तिचा खर्च व परवाना कोणत्या स्वरूपाचा आहे, आणि इंटरनेट खंडित असताना तिचा उपयोग होतो काय. ग्रामीण भागात शेवटची कसोटी दुर्लक्षिण्यासारखी नाही.

या कसोट्यांवर ऑडॅसिटी ही आज्ञावली प्रारंभासाठी उपयुक्त ठरते. २००० साली प्रथम प्रसृत झालेली ही आज्ञावली विनामूल्य असून विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते. ध्वनिमुद्रण, कापणी आणि सफाई ही तीन कामे तीत चांगली होतात. तालाची मांडणी करण्यासाठी एलएमएमएस ही दुसरी विनामूल्य आज्ञावली आहे. तिच्या १.२ या आवृत्तीत थेट ध्वनिमुद्रणाची सोय नाही. म्हणून ऑडॅसिटीत तुकडे तयार करून ते एलएमएमएसमध्ये मांडावेत. दोन्ही मिळून नवशिक्याची गरज भागते आणि खर्च शून्य होतो.

सशुल्क आज्ञावलींपैकी रीपर ही ६० दिवस वापरून पाहता येते. तिच्या सवलतीच्या परवान्याचे मूल्य ६० डॉलर आहे आणि मुद्रण, कापणी व मांडणी ही सर्व कामे तीत एकत्रच होतात. एफएल स्टुडिओ तालरचनेसाठी लोकप्रिय आहे. परंतु तिच्या चाचणी आवृत्तीत जतन केलेले काम खरेदीपूर्वी पुन्हा उघडता येत नाही. अ‍ॅपलचा संगणक वा फोन असल्यास गॅरेजबँड विनामूल्य मिळते. चोरट्या प्रती मात्र कटाक्षाने टाळाव्यात. शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या संगणकावर त्या बसविणे हे कायद्याचे उल्लंघन तर आहेच, शिवाय त्यांतून विषाणूंचा शिरकाव होऊन कार्यालयीन अभिलेखही धोक्यात येतात.

ध्वनिमुद्रण कसे करावे?

आज्ञावली कोणतीही असो, मूळ ध्वनी सदोष असल्यास रचना सदोषच होते. मुद्रणासाठी सेकंदास ४४,१०० नमुने व १६ बिट हे प्रमाण पुरेसे आहे. या प्रमाणाने एकपदरी मुद्रणास मिनिटाला सुमारे ५ मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे ३०० मेगाबाइट जागा लागते. मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपात ठेवावे. एमपी३ स्वरूपात जागा वाचते, पण ध्वनीचा काही अंश कायमचा वगळला जातो. ढोलाजवळ फोन फार निकट धरल्यास आवाज फाटतो. म्हणून अंतर बदलून दोन-तीन वेळा चाचणी घ्यावी आणि पातळी कमाल मर्यादेच्या बरीच खाली राहील अशी दक्षता घ्यावी. एकेक आघात सुटा आणि एक पूर्ण आवर्तन सलग, अशी दोन्ही मुद्रणे करून ठेवल्यास पुढे सोयीचे होते.

कलावंताचा हक्क

वादकाचा ठेका घेणे म्हणजे त्याच्या कष्टाचे फळ घेणे होय. प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या सुधारणेने कलावंतांचे हक्क प्रथमच मान्य करण्यात आले. सादरीकरणावरील कलावंताचा हक्क ५० वर्षे आणि ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क ६० वर्षे टिकतो. लोकगीत जुने असले तरी ते आज गाणाऱ्याचा हक्क नवा असतो. यास्तव मुद्रणापूर्वी कलावंताची संमती लेखी घ्यावी, मोबदला ठरवावा आणि रचनेसोबत त्याचे नाव द्यावे. पूजाविधीशी निगडित वादन असल्यास गावातील जाणत्यांचा विचार घेणे अगत्याचे आहे. त्यांनी नकार दिल्यास तो मानावा.

शाळा व ग्रामपंचायतींचे कार्य

या कामी शिक्षक व पंचायत सदस्यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. प्रत्येक मुद्रणाची तारीख, गाव, वाद्याचे स्थानिक नाव, कलावंताचे नाव आणि संमतीच्या अटी यांची नोंदवही ठेवावी. मूळ मुद्रणाची एक प्रत शाळेत व एक प्रत अन्यत्र सुरक्षित असावी. आज्ञावल्या काळानुसार बदलतील, जुन्या मागे पडतील. परंतु नीट मुद्रित केलेला आणि रीतसर नोंदलेला ध्वनी कोणत्याही आज्ञावलीत उघडता येईल. वृद्ध वादकांचे हात थकण्यापूर्वी हे काम हाती घेणे अगत्याचे आहे, आणि त्यास लागणारी साधने आज गावातच उपलब्ध आहेत.