मधुमेह आणि मनाचे आरोग्य

मधुमेह म्हटला म्हणजे साखर, पथ्य आणि औषध या तीन गोष्टींचा विचार घरोघरी होतो. रोग्याचे मन ही चौथी गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वास्तविक डोळे, मूत्रपिंडे, पाय व हृदय यांवर या रोगाचा घाला किती पडेल, हे काही अंशी मनाच्या स्थितीवरही अवलंबून असते. हा संबंध कसा घडतो व त्यात घरच्या मंडळींचे कर्तव्य काय, हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

कल्पना नवी नव्हे. चरकसंहितेच्या निदानस्थानात वातज प्रमेहाची कारणे सांगताना उद्वेग, शोक व जागरण यांचीही गणना केलेली आहे, आणि मधुमेह हा त्याच वर्गातला. इंग्लंडातील वैद्य टॉमस विलिस यानेही सतराव्या शतकात दीर्घ शोकाकडे बोट दाखविले होते. केवळ दुःखाने मधुमेह होतो, असे आजचे शास्त्र म्हणत नाही. अनुवंश, स्थूलता व बैठे जीवन ही त्याची ठळक कारणे होत. परंतु मन व रक्तातील साखर यांचे नाते ते मान्य करते.

हे नाते दोन वाटांनी चालते. पहिली वाट शरीराच्या आतली. मनुष्य चिंताग्रस्त झाला की अॅड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल हे स्राव वाढतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि इन्सुलिनचे कार्य मंदावते. संकट घटकाभराचे असेल तर ही योजना उपकारकच. पण काळजी महिनोन्महिने टिकली तर साखरही चढती राहते. दुसरी वाट आचरणाची. खिन्न मनाला कशातच गोडी वाटत नाही. मग गोळी चुकते, फिरणे सुटते, तपासणी पुढे ढकलली जाते. पायांच्या मज्जातंतू बधिर झालेल्या रोग्याने रोज तळपाय पाहिले नाहीत, तर साधी जखम चिघळेपर्यंत कळत नाही.

उलट बाजूनेही हेच घडते. दृष्टी मंदावली, पायांची आग झोप लागू देईना, म्हणजे मन अधिकच खचते. असे हे चक्र आहे. मधुमेह्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, असे अनेक अभ्यासांचे सार आहे. हे चक्र तोडता येते, हा मात्र मोठा दिलासा. भारतातील चार दवाखान्यांत मधुमेह व नैराश्य दोन्ही असलेल्या सुमारे ४०० रोग्यांवर एक प्रयोग झाला; त्याचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. मन व शरीर या दोहोंची काळजी एकत्र घेतलेल्यांपैकी सुमारे ७२ टक्के रोग्यांचे नैराश्य निम्म्याने तरी उतरले, शिवाय साखर, रक्तदाब वा कोलेस्टेरॉल यांपैकी एकात तरी सुधारणा झाली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ५७ टक्के होते.

लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. १९०८ ते १९१४ ही वर्षे त्यांनी मंडालेच्या तुरुंगात काढली. इन्सुलिन रोग्यास प्रथम दिले गेले १९२२ साली. तेव्हा आहारनियमन हाच काय तो मुख्य आधार. तशा स्थितीत १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले, आणि १९१२ साली पत्नीच्या निधनाची वार्ताही तेथेच सोसली. नियमित दिनचर्या व मन गुंतविणारे कार्य यांचा आधार केवढा असतो, हे यावरून दिसते. तथापि हा दाखला देऊन खचलेल्या रोग्यास ‘मन घट्ट करा’ असे सुनावणे योग्य नव्हे. नैराश्य हा आजार आहे, दुबळेपणा नव्हे. आणि त्यावर उपचार आहेत.

येथेच कुटुंबाचे कर्तव्य येते. ताटातील श्रीखंडाकडे पाहून टोमणा मारला, की रोगी पथ्य पाळू लागत नाही; तो चोरून खाऊ लागतो व वाढलेली साखर लपवितो. लाजेने लपविलेला रोग आतून पोखरतो. म्हणून ‘साखर किती आली?’ याबरोबरच ‘मन कसे आहे?’ हेही विचारावे. घरातील एकाने पथ्याचे अन्न खावे व इतरांनी पक्वान्ने झोडावी, यापेक्षा सर्वांनीच साधे जेवावे. सायंकाळी सयाजीबागेत सोबत फिरावयास जावे. प्रसाद कणभर घेतला तरी तो प्रसादच, हे वडीलधाऱ्यांनी स्वतः सांगावे. इन्सुलिन वा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने एकादशीचा उपवास डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून करू नये. अशा रोग्यास एकाएकी घाम, थरथर वा चिडचिड होऊ लागली, तर तो रागीट झाला असे न समजता साखर उतरली असेल असे समजून ती तपासावी; तपासण्याची सोय नसेल व तो शुद्धीवर असेल, तर लगेच साखरपाणी द्यावे.

दोन आठवडे सतत उदासी, झोप व भूक यांत बिघाड, कशातच रस नसणे अशी लक्षणे दिसली, तर मधुमेहाच्या डॉक्टरांनाच ती प्रथम सांगावी. सयाजी रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. शासनाच्या ‘टेलिमानस’ या सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ असून तो अहोरात्र व विनामूल्य आहे. मरणाची भाषा कानी आली, तर क्षणाचाही विलंब करू नये व रोग्यास एकटे सोडू नये.

औषध वैद्य देतो, पण धीर घरच्यांनीच द्यावयाचा असतो. तो वेळीच दिला जावो, एवढीच प्रार्थना. अस्तु.