घरचं वॉफल: भिलाई-३ मध्ये खर्च किती, फसगत कुठे

चार माणसांच्या रविवारच्या न्याहारीचं साहित्य साधारण १०० ते १२० रुपयांत येतं. यंत्र वेगळं, त्याचे एकदाच १,२०० ते २,५०० रुपये. भिलाई-रायपुरात बाहेर एक वॉफल दीडशेच्या आसपास पडतं. घरपोच मागवलं तर पॅकिंग आणि डिलिव्हरीचे पैसे वर, शिवाय बंद डब्यातल्या वाफेने घरी येईस्तोवर ते मऊ पडतं. या हिशेबाने यंत्र चार-पाच रविवारांत वसूल, असं दुकानदार सांगेल. त्याचं ऐकू नका. तुम्ही दर रविवारी वॉफल मागवत नाही, पोहे करता, आणि ते पन्नास रुपयांत होतात. महिन्यातून दोनदा तरी यंत्र माळ्यावरून खाली येणार असेल तरच घ्या. शंका असेल तर आधी कोणाकडून तरी एका रविवारपुरतं मागून आणा.

घ्यायचं ठरलं तर पावर हाऊस किंवा सुपेलाचा बाजार गाठा. भिलाई-३ स्टेशनवरून दुर्गकडे जाणारी मेमू मिळाली तर पावर हाऊसचं तिकीट १० रुपये. आयएसआयची खूण, तीन पिनांचा प्लग आणि वॉट हे तिन्ही बघा. ७५० ते १,००० वॉट पुरतात. त्याहून कमी वॉटचं यंत्र तापायला वेळ घेतं आणि वॉफल कुरकुरीत होण्याऐवजी वाळतं. गॅसवरचा साचा ५०० ते ९०० रुपयांत मिळतो, पण तो बहुधा अॅल्युमिनियमचा असतो आणि इंडक्शनवर चालत नाही. घरी इंडक्शन असेल तर पैसे देण्याआधी विचारा. सँडविच, ग्रिल आणि वॉफल अशा बदलत्या प्लेटांचं यंत्र महाग वाटलं तरी तेच रोज वापरात राहतं. माझं मत त्याच्याच बाजूने.

दुकानातून निघताना छापील बिल घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. सर्व्हिस सेंटर भिलाईत आहे, दुर्गला की रायपूरला, हे तिथेच विचारा. यंत्र स्वतः नेऊन द्यावं लागत असेल तर जाण्या-येण्याचं भाडं तुमच्याच खिशातून जाणार. नॉनस्टिकचा थर निघाला तर तो बहुतेक वॉरंटीत बसत नाही. कार्डावरचं बारीक अक्षर वाचा. ‘बिलाशिवाय शंभर कमी’ हा सौदा टाळा.

आता साहित्य. सहा वॉफल्ससाठी मैदा २०० ग्रॅम, तांदळाचं पीठ दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर दोन छोटे चमचे, साखर एक मोठा चमचा, दोन अंडी, दूध ३०० मिलि आणि ६० ग्रॅम लोणी. पाकिटातलं लोणी खारं असतं, वेगळं मीठ घालू नका. साहित्यातला महाग जिन्नस लोणीच: ६० ग्रॅमचे ३५ रुपये. त्याऐवजी चार मोठे चमचे तेल घातलं तर आठ-दहा रुपयांत भागतं आणि वॉफल जास्त कुरकुरीत होतं. वास मात्र लोण्याचा येत नाही. तेल वापरलं तर चिमूटभर मीठ घाला. तांदळाचं पीठ चिल्यासाठी घरात असतंच, ते वगळू नका. श्रावणात किंवा अंडं न खाणाऱ्यांसाठी अंड्यांऐवजी पाऊण वाटी दही आणि चिमूटभर सोडा. दूध तेवढं कमी करा.

खरा खर्च चढतो तो बाटली आणि पाकिटात. मेपल सिरपची छोटी बाटली पाचशेच्या पुढे जाते. दोनशेला मिळते त्यावर ‘फ्लेवर्ड’ लिहिलेलं असतं, म्हणजे साखरेचा पाक आणि वास. त्यापेक्षा १०० ग्रॅम गूळ पाव वाटी पाण्यात उकळून गाळा. कवर्ध्याकडचा गूळ आपल्याकडे सहज मिळतो, दहा रुपयांत काम होतं. वर केळ्याच्या चकत्या. तयार प्रीमिक्सचं पाकीट दीडशे ते तीनशे रुपयांना मिळतं आणि आत मुख्यतः मैदा, साखर आणि बेकिंग पावडरच असते. दूध, लोणी तुम्हीच घालायचं. पाकिटामागची घटकांची यादी वाचली की ते परत फळीवर ठेवाल.

वेळ: पीठ भिजवायला दहा मिनिटं, मुरायला दहा, यंत्र तापायला पाच, प्रत्येक वॉफलला चार ते पाच. एका साच्याच्या यंत्रावर सहा काढायला अर्धा तास जातो. म्हणून सगळे एकदम बसायचे असतील तर दोन साच्यांचं घ्या, नाहीतर डोशासारखं काढत जा, वाढत जा. एकावर एक रचू नका, जाळीवर ठेवा. झाकणातून वाफ येणं थांबल्याशिवाय उघडू नका. घाईत उघडलं की वॉफल मधोमध फाटतं.

वीज पाऊण तासाला पाऊण युनिटच्या आत. युनिट ६ रुपये धरला तरी पाच रुपयेही नाहीत. मात्र त्याच एक्स्टेंशनवर इस्त्री किंवा किटली लावू नका, आणि लाइट गेली तर यंत्र इन्व्हर्टरवर चालवू नका. काढायला लाकडी उलथनं, काटा-सुरी नको. तेल ब्रशने लावा. स्प्रेचा चिकट थर बसतो आणि पुढचं वॉफल चिकटतं. गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा, नळाखाली कधीच धरू नका.

यंत्र बिघडलं आणि दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, ती मोफत आहे. तिथे नाही जमलं तर दुर्गचा जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला अर्जाचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, वकील लागतोच असं नाही. सोबत बिल, वॉरंटी कार्ड, दुकानदाराशी झालेले लेखी निरोप आणि बिघाडाचे फोटो.