शंका-समाधान : आधी बोट, मग कान, शेवटी खिसा

माळ्यावर धूळ खात पडलेले सत्तर-ऐंशीच्या दशकातले स्पीकर पुन्हा खाली उतरू लागले आहेत. या वेळच्या टपालातली बरीच पत्रं त्यांच्याबद्दलच आहेत. वर्धा जिल्ह्यातून आलेली पाच निवडली.

प्रश्न : नागपूरला एका गृहस्थांकडे ऐंशीच्या दशकातली थ्री-वे स्पीकरची जोडी विकायला आहे. पॉलिश चकाचक आहे. पैसे देण्याआधी काय पाहू? (हिंगणघाट)

पॉलिश सगळ्यात शेवटी पाहा. जाताना मल्टिमीटर, टॉर्च आणि मोबाइलमध्ये तुमच्या कानाला पाठ असलेलं एखादं रेकॉर्डिंग न्या.

पहिलं काम बोटाचं. पुढची जाळी काढा. वूफरच्या कोनभोवती लवचिक कडा असते, ती रबराची, कापडाची किंवा फोमची. हलकेच बोट लावा. फोम चिकट लागला किंवा बोटाला भुगा आला, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर सारख्या अंतराने टेकवून तो अगदी हळू आत दाबा. खरखर जाणवली तर आतली कॉइल घासते आहे. अशी जोडी सोडून द्या. ट्विटरला मात्र हात लावू नका.

मग मीटर. ॲम्प्लिफायरची वायर काढून बॉक्सच्या मागच्या दोन टोकांवर ओहम मोजा. आठ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो. हा दोष नाही, कारण मीटर तारेचा नुसता रोध मोजतो. दोन्ही बॉक्समध्ये एखाद्या ओहमचा फरक आला, तर एकाचा वूफर कधीतरी बदललेला असू शकतो. ट्विटर मात्र या मीटरला दिसत नाही. त्याच्या वाटेत कंडेन्सर असतो आणि तो मीटरचा डीसी प्रवाह पुढे जाऊ देत नाही. ट्विटरची परीक्षा कानानेच.

एका वेळी एकच बॉक्स वाजवा. तंबोऱ्याची जवारी आणि खंजिरीच्या झांजा ट्विटरचं खरं-खोटं सांगतात, गाणाऱ्याचा गळा मधल्या स्पीकरचं आणि डग्ग्याची घुमक वूफरचं. एका बॉक्समध्ये झांजा लख्ख आणि दुसऱ्यात पांघरुणाखालून आल्यासारख्या वाटल्या, तर ट्विटर तरी गेलाय नाहीतर कंडेन्सर सुकलाय. कंडेन्सर स्वस्तात बदलतो, तेव्हा तेवढ्यासाठी जोडी नाकारू नका. फक्त तो त्याच मायक्रोफॅरडचा आणि बिगर-ध्रुवी हवा. रेडिओतला साधा प्लस-मायनसवाला चालणार नाही.

शेवटी टॉर्च मारून बॉक्सची पाठ आणि बूड बघा. वाळवीची माती किंवा फुगलेला भुशाचा बोर्ड दिसला तर नमस्कार करून परत या.

प्रश्न : बाबांच्या स्पीकरच्या कडेचा फोम हात लावताच गळून पडला. कोन शाबूत आहे. फेविकॉलने कापड चिकटवू का? (आर्वी)

थांबा. तो फोम पॉलियुरेथेनचा असतो. हवा आणि दमटपणा यांनी तो पंधरा-वीस वर्षांत विरतो, स्पीकर वाजवला नाही तरी विरतो. त्यात बाबांची काही चूक नाही. फेविकॉल वाळून ताठ होतो आणि जाड कापड कोनला मोकळेपणी हलू देत नाही. त्याच मापाचं नवं फोमचं कडं आणि वाळल्यावरही लवचिक राहणारा गोंद हवा. खरी मेख कॉइल बरोबर मधोमध बसवण्यात आहे, म्हणून पहिल्या वेळी हे काम जाणत्याकडून करून घ्या. नागपुरात सीताबर्डीवर चौकशी करा. तोवर स्पीकर वाजवू नका. कडेचा आधार गेलेली कॉइल तिरकी होऊन घासते.

प्रश्न : नवी जोडी घरी आणली. वाजून तर राहिली, पण दम नाही. गाणारा नेमका कुठे बसलाय तेही कळत नाही. (वर्धा)

बहुतेक एका बॉक्सची वायर उलटी लागली आहे. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि घुमक आपसात मारली जाते. दीड व्होल्टचा सेल बॉक्सच्या टोकांना क्षणभर टेकवा, प्लसला लाल. दोन्ही वूफर एकाच दिशेने हलले पाहिजेत. सहसा ते बाहेर येतात, जुन्या जेबीएलमध्ये आत जातात. दोन्हीकडे सारखंच घडलं की झालं. मग ॲम्प्लिफायरपासून येणारी लाल-काळी तार दोन्हीकडे तपासा.

त्यानंतर जागा. बॉक्स कोपऱ्यात कोंबू नका. बारा फुटी खोली ४७ हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते, कोपऱ्यात ती घुमक बेसुमार वाढते. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट सोडा. दोन बॉक्स आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण व्हावा. ट्विटर कानाच्या उंचीला हवा. खुर्चीवर ऐकत असाल तर जमिनीपासून साधारण साडेतीन फूट, सतरंजीवर बसत असाल तर अडीच. उंच स्टँड घेण्याआधी आपण बसतो कुठे ते ठरवा.

आणि आपल्या उन्हाळ्याचं एक पथ्य : कूलरचा ओला झोत बॉक्सवर येऊ देऊ नका. भुशाचा बोर्ड फुगतो तो असाच.

प्रश्न : मंडळाचा जुना कॉलम स्पीकर घरच्या ॲम्प्लिफायरला लावला. कुजबुजल्यासारखा आवाज येतो. (पुलगाव)

स्पीकर बिघडलेला नाही, सोयरीक चुकली आहे. सभा-भजनाचे कॉलम बहुधा शंभर व्होल्टच्या लाइनवर चालतात आणि त्यांच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो. वीस वॅटचा कॉलम ॲम्प्लिफायरला पाचशे ओहमचा भासतो. घरचा पंचवीस वॅटचा ॲम्प्लिफायर आठ ओहमसाठी बनलेला असतो, तो इथे अर्धा वॅटही देऊ शकत नाही. कॉलम बोलण्यासाठी घडवलेला आहे, तो मंडळाला परत द्या. उलटा प्रयोग मात्र चुकूनही करू नका. घरचा बॉक्स मंडळाच्या शंभर व्होल्टला जोडलात तर कॉइल जळायला वेळ लागणार नाही.

प्रश्न : देशी घ्यावे की विलायती? आणि किती वॅटचे? (देवळी)

ज्याचा सुटा भाग मिळेल ते घ्या. विलायती जोडीचा मूळ ट्विटर जळला तर वर्षभर शोधत बसाल. सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्स ही आपल्याकडे रुळलेली नावं मेकॅनिकच्या हाताखालून गेलेली असतात. वॅटचं म्हणाल तर ते दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो. बैठकीच्या खोलीला पंचवीस-तीस वॅट पुष्कळ. ट्विटर जळतात ते बरेचदा छोट्या ॲम्प्लिफायरचा कान शेवटपर्यंत पिळल्यामुळे. आवाज फाटू लागला की बटण मागे घ्या. शेजाऱ्यांनाही तेच हवं असतं.