परसातल्या बंगईला पुन्हा व्हार्निश?

प्रश्न : नागपूरला आमच्या परसात जुनी सागवानी बंगई आहे. फळी राखाडी पडलीय, व्हार्निशचे पापुद्रे निघतात. पुन्हा व्हार्निश मारू का?

उत्तर : नको. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात तो थर तडकतो आणि भेगांतून पावसाचं पाणी मुरतं. राखाडी रंग बहुधा वरवरचाच. आधी 80, मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासा. कड्यांच्या भोकांभोवती टोच्या दाबून पाहा. भुसभुशीत लागलं तर रंगारी नव्हे, सुतार बोलवा. दिवाळीनंतर, लाकूड कोरडं असताना, रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेल चिंधीने पातळ चोळा, उरलेलं पुसा. घाण्याचं खायचं तेल नको, लवकर वाळतच नाही! तेलकट चिंध्यांचा बोळा ठेवू नका, आपोआप पेटतो. बाहेर मोकळ्या पसरून वाळवा.