‘कॅम्पेन’ आणि मोहीम : एका शब्दाचा अर्थ व उपयोग

शासकीय पत्रव्यवहारात आणि वृत्तपत्रांत ‘मोहीम’ हा शब्द आज नित्य आढळतो. लसीकरणाची मोहीम, वृक्षलागवडीची मोहीम, करवसुलीची मोहीम असे प्रयोग सर्वांच्या अंगवळणी पडले आहेत. इंग्रजीतील ‘कॅम्पेन’ या शब्दाचा पर्याय म्हणून तो योजला जातो. हे दोन्ही शब्द मूळचे रणांगणाशी निगडित आहेत. त्यांचा नेमका अर्थ ध्यानात घेतला, तर कोणत्या कामास मोहीम म्हणावे आणि कोणत्या कामास म्हणू नये, याचा उलगडा सहज होतो.

‘कॅम्पेन’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंच भाषेतून आला. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘कॅम्पस’ या शब्दात आहे. कॅम्पस म्हणजे मोकळे मैदान. कॅम्प आणि महाविद्यालयाचा कॅम्पस हे आपल्या परिचयाचे शब्दही याच कुळातील होत. युरोपात कडाक्याच्या हिवाळ्यात सैन्याची हालचाल दुष्कर होई. रस्ते चिखलाने व बर्फाने भरत; घोड्यांना चारा मिळत नसे. म्हणून सैन्ये हिवाळाभर गावांतून व शहरांतून मुक्काम करीत आणि हवामान निवळले की मोकळ्या मैदानात उतरत. मैदानात राहण्याच्या या हंगामालाच ‘कॅम्पेन’ म्हणू लागले. पुढे त्या काळात एका विशिष्ट हेतूने केलेल्या सर्व लष्करी हालचालींना मिळून हे नाव पडले.

महाराष्ट्रातही असाच क्रम होता. फक्त ऋतू निराळा. येथे सैन्याला अडवीत असे तो पावसाळा. नद्यांना पूर येत, वाटा बंद होत. म्हणून फौजा छावणीत राहत. दसऱ्याच्या सुमारास नद्या ओसरत, चारा-धान्य उपलब्ध होई आणि सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत. सीमोल्लंघनाच्या प्रथेत त्या हंगामाची स्मृती आजही टिकून आहे.

आपला ‘मोहीम’ हा शब्द मूळ अरबी असून फार्सीमार्फत मराठीत रुळला. ‘महत्त्वाचे, मनाला काळजी लावणारे काम’ असा त्याचा मूळ आशय आहे. म्हणजे इंग्रजी शब्दात जागेवर भर आहे, तर मराठी शब्दात कामाच्या महत्त्वावर. ‘अभियान’ हा पर्याय संस्कृत आहे. ‘अभि’ म्हणजे दिशेने आणि ‘यान’ म्हणजे जाणे. शत्रूवर चालून जाणे हा त्याचा जुना अर्थ. कौटिल्याने राजनीतीचे जे सहा गुण सांगितले, त्यांत ‘यान’ हा एक आहे.

‘कॅम्पेन’च्या जवळचा दुसरा इंग्रजी शब्द ‘एक्स्पिडिशन’. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ पाय मोकळे करणे असा आहे. दूरच्या मुलखात सैन्य पाठविणे, म्हणजेच आपली ‘स्वारी’, या अर्थी तो वापरतात. कचेरीत फायलीवर ‘एक्सपेडाइट’ असा शेरा पडतो, तो शब्दही याच मुळाचा. अडकलेले पाऊल मोकळे करा, असेच जणू तो शेरा सांगत असतो!

भाषांतर करताना काही भेद पाळणे अगत्याचे आहे. युद्ध हे सर्वांत व्यापक. एका युद्धात अनेक मोहिमा असू शकतात आणि एका मोहिमेत अनेक लढाया. एखाद्या ठिकाणी केलेल्या मर्यादित कृतीस ‘कारवाई’ म्हणावे. निवडणुकीच्या संदर्भात मात्र ‘कॅम्पेन’ला ‘प्रचार’ हाच शब्द योग्य ठरतो.

लढाई आणि मोहीम यांतील भेद पालखेडच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. 1727 च्या पावसाळ्याच्या अखेरीस पहिल्या बाजीरावाने निजामाविरुद्ध मोहीम सुरू केली. निजामाने पुणे प्रांतात चाल केली असतानाही बाजीराव त्याच्यामागे धावला नाही. मराठवाडा, खानदेश, गुजरात असा वेगाने फिरत त्याने निजामालाच आपल्या मागे यावयास लावले. अखेर फेब्रुवारी 1728 मध्ये वैजापूरजवळ पालखेड येथे निजामाचे सैन्य कोंडीत सापडले. त्याचे दाणापाणी तुटले. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला आणि चौथ-सरदेशमुखीचे शाहूमहाराजांचे हक्क निजामाला मान्य करावे लागले. मोठी लढाई न होताच मोहीम फत्ते झाली. निश्चित उद्दिष्ट, ठरावीक काळ, रसदीची तजवीज आणि ओळखता येईल असा शेवट ही मोहिमेची चार लक्षणे येथे स्पष्ट दिसतात.

नागरी कामात हीच लक्षणे देवी रोगाच्या निर्मूलनात आढळतात. भारतात 1962 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा सरसकट सर्वांना लस टोचण्यावर भर होता. तरीही रोग हटला नाही. पुढे धोरण बदलले. घरोघरी जाऊन रुग्ण शोधणे आणि त्याच्या सभोवतालच्या लोकांना तातडीने लस टोचणे यावर भर देण्यात आला. 1975 मध्ये देशातील अखेरचा रुग्ण आढळला आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य सभेने जग देवीमुक्त झाल्याचे घोषित केले. लस किती जणांना टोचली यापेक्षा रुग्ण किती उरले, हा हिशेब महत्त्वाचा ठरला.

महाराष्ट्रात 1959 मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेच्या नावातही हा शब्द सार्थ होता. गावातील प्रौढांना ठरावीक मुदतीत साक्षर करणे हे तिचे उद्दिष्ट होते. मात्र साक्षरता टिकविणे हे मोहिमेचे काम नव्हे. त्यासाठी गावात वाचनालय हवे आणि वाचण्याची सवय हवी. ते बारमाही काम आहे.

यातून एक व्यावहारिक बोध मिळतो. गटारांची सफाई, पाण्याचे शुद्धीकरण, शाळेतील पटनोंदणी ही नित्य कर्तव्ये होत. त्यांना मोहिमेचे नाव दिले, की पंधरवडा संपताच काम संपल्याचा समज होतो आणि एरवीच्या दुर्लक्षाला जणू मुभा मिळते. याउलट, साथीचा फैलाव रोखणे किंवा पावसाळ्यापूर्वी गावतळ्यातील गाळ काढणे ही खऱ्या अर्थाने मोहिमेची कामे. ग्रामसभेत वा बैठकीत मोहिमेचा ठराव मांडताना उद्दिष्ट कोणते, मुदत किती, साधने कोठून येणार आणि काम पूर्ण झाल्याची खूण कोणती, एवढ्या चार प्रश्नांची उत्तरे ठरावातच लिहावीत. ती लिहिता येत नसतील, तर ते काम मोहिमेचे नसून रोजच्या जबाबदारीचे आहे, असे समजावे आणि त्याची तरतूदही तशीच बारमाही करावी.